डोल

लेकलंड, ५ मार्च

ती. वेरनाताईस,
फ्लोरिडातून तुझ्या बिनकामाच्या भावाचा नमस्कार, वि. वि.

फोनवर मी ओरडतो म्हणून पत्र लिही म्हणालीस, तर घे. कॉलेज सोडलं, पण रिकामा बसलेलो नाही. माझी याडिरा आजीच्या दुखण्यासाठी हायलियाला गेली, आपली मादी अजगर डुल्से माझ्या हवाली करून. डुल्से शॅम्पेन जातीची, दुधाळ कॉफीच्या रंगाची. माझा नर अजगर जिग स्पायडर जातीचा, अंगभर काळी जाळी. दोघांना एका पेटीत सोडलं होतं. काल तिने चार अंडी घातली.

याडिराला सांगितलेलं नाही. पिल्लं निघायच्या दिवशी तिला बोलावणार आणि तेव्हाच लग्नाचं विचारणार. हस तू. मला तिच्याशिवाय घास उतरत नाही.

लोभ आहेच, थोडा जिगवरही कर.
तुझा रेट

मेकन, ११ मार्च

चि. रेट,
आशीर्वाद आणि एक धपाटा.

जिगचं डोकं हलतं त्याला तू डोल म्हणतोस. तुमच्या सापांच्या प्रदर्शनांत सगळेच म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं लागलंय. नाताळात मी तो डोल पाहिला. उंदरावर घेतलेली झेप काचेवर आपटली, मग उताणा पडला आणि वर कुठे, खाली कुठे, ते त्याला कळेना. तू हसत व्हिडिओ काढत होतास. अरे, तो मेंदूतला दोष आहे आणि त्या जाळीबरोबरच पिल्लांत उतरतो. त्यात शॅम्पेन मिसळलं की दोन्ही रक्तं घेतलेलं पिल्लू सहसा जगत नाही. चारांत कोणतं तसं, हे कवचावरून दिसत नाही.

जनावरांची डॉक्टर म्हणून सांगते, अंडी आजच फ्रीझरमध्ये ठेव, म्हणजे आतली वाढ इथेच थांबेल. बहीण म्हणून सांगते, याडिराला आजच कळव. मादी तिची. तू विचारलंसुद्धा नाहीस.

राग आला तरी जेवत जा.
वेरनाताई

लेकलंड, १४ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार, रागासकट.

मुद्दाम उशिरा लिहितोय. तुझ्या दवाखान्यात चपट्या नाकाचे कुत्रे धापा टाकत येतात, त्यांच्या मालकांना तू फ्रीझर दाखवतेस का? जिग खातो, कात टाकतो, मादीपाशी जातो. दुःखी जनावर हे करील? स्पायडरला स्पायडर लावू नये, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तर शॅम्पेन लावली. डॉक्टर असशील, पण साप आमचे.

अंडी टपोरी आहेत. काल दिव्यासमोर धरली. तिघांत शिरा दिसतात. चौथ्यात पिल्लू हलतं. थांबतच नाही.

लोभ तुझा तू ठरव.
रेट

लेकलंड, ६ मे

ताई,
मायना सुचत नाही.

याडिरा सकाळी आली. दोन पिल्लं धड निघाली, कॉफीच्या रंगाची. तिसरं कवचातच मेलेलं. चौथं बाहेर आलं ते स्वतःभोवती पीळ घालत, जबडा उघडा, मान पाठीला टेकलेली. मी सरळ करायचो, ते पुन्हा उलटं व्हायचं. मी म्हणालो, डोलतंय थोडं, सुधारेल. याडिराने मला बाजूला सारलं. तिने ते ओल्या रुमालात घेतलं, स्वतः दवाखान्यात नेलं आणि रिकामा रुमाल घेऊन परतली.

मग तिने विचारलं, असं होईल हे मला ठाऊक होतं का. मी नाही म्हणालो. कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणालो.

ती तुला फोन करून विचारणार आहे. तू एवढंच म्हण, की तुलाही माहीत नव्हतं. लग्नाचं अजून विचारायचंय मला. पाया पडतो.
रेट

मेकन, १० मे

चि. रेट,
आशीर्वाद.

याडिराचा फोन आला. मी तुला काय लिहिलं आणि कधी लिहिलं, दोन्ही सांगितलं. तिने तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाली, पिल्लांचं एक वेळ अज्ञान म्हणून सोसलं असतं, हे खोटं नाही.

शनिवारी ती डुल्सेला आणि त्या दोन पिल्लांना न्यायला येईल. भावाला बरोबर आणणार आहे, एकटी येणार नाही म्हणाली. दार उघड, पेट्या दे, बाजूला हो.

माझ्यावर ओरडायचं असेल तर फोन कर. उचलेन.
तुझीच,
वेरनाताई