पाहुणं इंजिन

१२ नोव्हेंबर १९५५

चांद्याहून मोटारीनं पोंभुर्णा, तिथून बैलगाडीनं साडेतीन तास. गिरणीवर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. जागा पाहताच आवडली. नाल्याकाठी रचलेले सागाचे ओंडके, ओल्या भुशाचा वास, पलीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. मला स्वतंत्र खोली दिली आहे, खाट आहे, खिडकी आहे. मॅनेजर बोमकंटीवार स्वतः सामोरे आले. जेवायला भात आणि अंबाडीची भाजी. दोनदा वाढून घेतलं. पंधरा दिवसांत काम आटपून नागपूरला परतेन, असं त्यांना सांगितलं. पाच डिसेंबरला रेल्वेच्या रुळांखालचे लाकडी स्लीपर गेले नाहीत तर गिरणीच बंद होईल, असं ते म्हणाले, पण हसत.

१३ नोव्हेंबर

दोष असा आहे. आरा, म्हणजे ओंडके कापायची मोठी करवत, पूर्वी वाफेच्या इंजिनावर चालायचा. ते इंजिन भंगारात गेलं. त्याचं पुरुषभर उंचीचं चाक आणि दांडा मात्र जुन्या दगडी खोलीत तसाच आहे. दोन वर्षांपूर्वी तेलाचं इंजिन आणून शेजारच्या पडवीत बसवलं. भिंतीतल्या खाचेतून चामड्याचा पट्टा आत जातो. तो हातानं जुन्या चाकावर चढवायचा, मग चाक फिरतं आणि आरा फिरतो. पट्टा चढल्यापासून आरा पूर्ण वेगात यायला दोन मिनिटं पुरे व्हावीत. आज बावीस लागली.

गिरणीतले लोक नव्या इंजिनाला पाहुणा म्हणतात. तेल घालणारा लटारू म्हणाला, "पाव्हण्याले कोणी सकाळी लवकर उठवते का, मिस्त्रीजी? घर जुन्याचं. हा लाजून राह्यला." सगळे हसले. मीही हसलो.

पट्टा सुकलू चढवतो. इंजिनाजवळ त्याचा धाकटा भाऊ बुधू असतो. दोघे पलीकडच्या जंगलातल्या पाड्यावरचे. बुधू काम करताना गुणगुणतो.

१५ नोव्हेंबर

माझी रीत साधी आहे. एका दिवशी एकच बदल करायचा आणि वेळ गिरणीच्या वेगळ्या वहीत लिहायची. दोन बदल केले तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

काल पट्टा काढून नुसतं इंजिन चालवलं. चाळीस सेकंदांत पूर्ण वेग. आज नुसतं जुनं चाक फिरवून पाहिलं. एका हातानं फिरलं. दोघांतही दोष नाही. जोडले की तेवीस मिनिटं.

१८ नोव्हेंबर

इंधनाची नळी बदलली, चोवीस. दांडा ज्यांत फिरतो त्या पितळी वाट्या घासल्या, चोवीस. पट्टा ताणला, सव्वीस. पट्टा चढला की इंजिन कण्हतं. पलीकडून कोणी चाक धरून ठेवावं तसं.

लटारू रोज विचारतो, "उठला का पाव्हणा?" आज मी त्याच्यावर ओरडलो.

१९ नोव्हेंबर

पट्टा चढवताना सुकलूची तीन बोटं गेली. हाडांचा आवाज इंजिनाच्या धडधडीतही ऐकू आला.

आरा पन्नास सेकंदांत वेगात आला. मी घड्याळाकडे बघत होतो. म्हणजे सुकलूकडे बघत नव्हतो.

२० नोव्हेंबर

पन्नास सेकंद. मॅनेजरांनी मला मिठाई पाठवली. मी काहीही दुरुस्त केलेलं नाही. पट्टा आता बुधू चढवतो. गुणगुणत नाही.

२४ नोव्हेंबर

चार मिनिटं. नऊ. पंधरा. आज पुन्हा बावीस.

सकाळी लोकांनी चाकाखाली कोंबडी कापली. मी अडवलं नाही, उलट तो दिवसाचा एक बदल धरला. काही फरक नाही. लटारू म्हणाला, "कोंबडी काऊन घेईन तो? त्यानं चव पाह्यली न."

मॅनेजरांनी वेळांची वही मागून घेतली. परत आली तेव्हा समासात त्यांचं अक्षर होतं. तीन बोटं, चार दिवस.

२५ नोव्हेंबर

नीट लिहितो.

सकाळी पट्ट्यावरून हात फिरवला. पट्ट्याची दोन टोकं शिवणारी सांध्याची चामडी वादी उसवली होती, टोक वीतभर लोंबत होतं. असलं टोक चढवणाऱ्याच्या हाताला वेढा घालतं, हे मला माहीत आहे. पण आज दांड्याची नवी वाटी बसवली होती. वादीही बदलली असती तर दोन बदल झाले असते. वादी उद्या, असं ठरवलं. बुधूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं पट्टा जपून, हळू चढवला असता. वेळ चुकली असती.

वादीनं त्याचं मनगट धरलं. हात आत गेला, मग खांदा, मग सगळाच. चाकानं त्याला दोनदा वर नेलं. दुसऱ्यांदा तो ओरडत नव्हता.

वीस सेकंद.

२६ नोव्हेंबर

वीस सेकंद.

चाक पुसायला गेलो. पुसण्यासारखं काही नाही. भिंतीवर रक्त आहे, जमिनीवर आहे. चाकावर, पट्ट्यावर, दांड्यावर थेंब नाही. पितळ नव्यासारखं चमकतंय.

२७ नोव्हेंबर

बुधूची बायको सोमारी माझ्या दाराशी येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "पट्टा उसवला व्हता. तुले दिसला व्हता का, मिस्त्री?"

मी नाही म्हणालो.

"लटारू म्हनते, सकाळी तू त्याच जागी हात फिरवून राह्यला व्हता."

मी परत नाही म्हणालो. ती दुपारपर्यंत बसून होती.

वेळांच्या वहीच्या समासात नवी ओळ आहे. पूर्ण माणूस, किती दिवस?

३० नोव्हेंबर

तीन मिनिटं. वाढतंय. मॅनेजरांनी पट्ट्यावर पाठवायच्या माणसांची यादी केली आहे. पहिलं नाव लटारू.

गाडी मागितली. पाच तारखेनंतर मिळेल म्हणाले.

१ डिसेंबर

नऊ मिनिटं लागली. वेळांच्या वहीत अर्धं मिनिट लिहिलं. यादीतली पाळी लांबणीवर पडली तर बरं.

२ डिसेंबर

सोळा. एक लिहिलं. मॅनेजरांनी खिशातून स्वतःचं घड्याळ काढलं. मग लटारूला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं, सगळ्यांसमोर, एक डोळा मिटेपर्यंत. खोटं माझं होतं. मी उभा होतो. पट्टा परवा लटारू चढवणार.

३ डिसेंबर

पहाटे सुरीनं पट्टा कापला. दुपारी अखंड होता. शिवण नाही, सांधा नाही. कोणी जोडला, विचारलं. लोक ओंडक्यांकडे वळले.

पट्टा काढलेला असताना चाक फिरलं. अर्धा फेरा. थांबलं. मी होतो त्या बाजूला —

४ डिसेंबर, सकाळ

सोमारीला सांगून टाकलं. हो, दिसलं होतं. ती मान हलवून सुकलूकडे गेली.

तासाभरानं सुकलू आणि लटारू आले. चाक पाहायला चला म्हणाले. जुन्या खोलीत मला पुढं केलं आणि बाहेरून कडी घातली.

दार ठोठावलं. लटारू बाहेरूनच बोलला, अगदी हळू. "आज माही पाळी हाये, मिस्त्रीजी. माही बायको पोटुशी हाये. तुमाले घरी कोणी हाये का?"

मी हो म्हणालो. खोटं. त्याला ते कळलं असावं.

"मंग माफ करा," म्हणाला.

ही रोजनिशी खिशात होती. लिहितो आहे.

मॅनेजरांचा आवाज. कोण आत, विचारतायत. उत्तर ऐकलं. हसले. इंजिन तापवायचा दिवा पेटवा म्हणाले.

इंजिन सुरू. खाचेतून पट्टा आत येतोय. चढवायला कोणी नाही, मी चढवणार नाही. भिंतीला पाठ लावून उभा आहे —

घड्याळ बघायचं नाही —

चाक फिरत नाही. पट्टा चाकाकडे जात नाहीये. जमिनीवरून, भुशातून, सरळ —

सात वाजून चार मि