भोकाचं मडकं

माय, तुला वाचता येत नव्हतं म्हणून लिहिलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आता मीच सत्तरी ओलांडली. आता कसली लाज!

बाबांच्या कचेरीतले बडे बाबू अकोल्याला बदलून गेले आणि जाताना लवबर्डचा पिंजरा आपल्या गळ्यात मारून गेले. मुठीत मावतील एवढे दोन पोपट, एक हिरवा, एक पिवळा. आपण बुद्धाची दीक्षा घेतल्याला तेव्हा चारेक वर्षं झाली असतील. राजापेठेतली भाड्याची एकच खोली, त्यात आपण तिघं आणि वर हे पाहुणे. "मानसाईले जागा नाही अन् पाखराईले हवेली!" असं तू म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा राळा तूच पाखडू लागलीस. ते दाणा सोलून खात आणि टरफल वाटीतच टाकत. मला वाटे, वाटी भरलेली आहे. तू फुंकर मारलीस. "पाय बरं, नुसता कोंडा. उपाशी मारतं का वं त्याईले?"

बाबूंनी सांगून ठेवलं होतं, हे पक्षी घरटं बांधत नाहीत. मडक्याच्या पोटाला भोक पाडून पिंजऱ्यात टांगा. बाबांनी टांगलं आणि तुझं तोंडच उतरलं. माणसाच्या मातीला खांद्यावर घेऊन प्रेताभोवती फिरतात, भोकातून पाण्याची धार लागते, तसलंच ते मडकं. तुझ्या वडिलांच्या वेळी तू ते पाहिलं होतंस. बाबा हसले, "अवं, आपन ते सारं सोडलं ना?"

"देव सोडले," तू म्हणालीस. "भेव कुठी सुटते?"

उन्हाळ्यात मडक्यातून पिल्लांचा आवाज यायला लागला आणि त्याच आठवड्यात बाबांना मुदतीचा ताप भरला. तू एक ओलं फडकं त्यांच्या कपाळावर ठेवतेस, ओलं तरट पिंजऱ्यावर टाकतेस, आणि मडक्याकडे मात्र बघत नाहीस. डॉक्टर फी न घेताच निघून गेले, त्या दुपारी मी स्टुलावर चढून मडक्याला हात घातला. मागून तू माझा दंड धरलास.

"कावून चढली वं?"

"बाबांसाठी," मी रडत म्हणाले.

तू बाबांकडे पाहिलंस, मग मडक्याकडे. "उतर खाली. लेकरं हायेत त्यात. त्याईनं कोनाचं काय केलं?" आणि तू पिल्लांसाठी बाजरी भिजवायला बसलीस.

बाबा उठले वं माय! मुगाचं पाणी प्यायले, भिंत धरून चालले, पुढं माझ्या लग्नात नाचलेसुद्धा. पिल्लंही पंख फुटून बाहेर आली. तू मोहल्लाभर सांगत फिरलीस, माझ्या पोरीचा बापावर किती जीव! मी तुला सांगू दिलं.

तू गेल्यावर आता हे पत्र घालायला पेटी कुठली शोधू? पण लिहायला घेतलं तसं छातीवरचं ओझं उतरलं, एवढं खरं. तर ऐक. आठवडाभर मी वाट पाहत होते, की तूच ते मडकं फेकशील. म्हणजे बाबा वाचतील आणि पिल्लांचं पाप तुला लागेल. तू फेकेनास, म्हणून त्या दुपारी मी स्टूल मुद्दाम फरफटत नेलं, तुला ऐकू जावं आणि माझ्याऐवजी तूच ते फेकावंस म्हणून.