सगळ्यांना सारखी वाटलेली चादर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत. तू पाठवलेल्या चादरीबद्दल पुढे लिहितो. पत्र बसून वाच.

जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाच्या नातीने गणिताचा कोरा पेपर देऊन घरी यावं, याला दैव म्हणतात. चिमणीला येत नाही असं नाही गं. पण एखादी बेरीज चुकली की तिचे ओठ थरथरायचे, मग ती पान टराटरा फाडायची. शेवटी चुकायलाच नको म्हणून तिने लिहिणंच सोडलं. पेन्सिल हातात घेऊन नुसती बसून राहायची. मला ते बघवत नव्हतं.

सूनबाईंनी फर्मान काढलं, की या घरात 'चूक' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. त्याऐवजी 'कसं केलंस, सांग बरं' असं विचारायचं. लाल शाईत हयात घालवलेल्या माणसाची यात काय गत झाली असेल, तूच बघ. मी इतका सराव केला, की चिरंजिवांनी चहात मीठ घातलं तेव्हाही गंभीरपणे 'कसं केलंस, सांग बरं' असंच विचारलं. (तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.)

तर परवा मी चिमणीला तुझी चादर दाखवून विचारलं, ही घरात सगळ्यांना सारखी वाटायची, तर कशी वाटशील? ती घड्या घालून दाखवेल अशी माझी समजूत. मी चष्मा शोधायला गेलो. (तो कपाळावरच होता.) परत येतो तर कात्रीने आपलं काम उरकलेलं! तू डोळे फोडून भरलेली ती फुलं, ताई! तोंडाशी आलेला शब्द गिळून मी कसंबसं विचारलं, "कसं केलंस, सांग बरं?"

आणि इतके दिवस मुकी बसलेली पोर घडाघडा बोलायला लागली. आजोबा उंच, म्हणून त्यांना लांब पट्टी. बाबा झोपेत लोळतात, त्यांना चौकोन. फुलांचा तुकडा आईला. पण आकार वेगवेगळे, मग सारखे कसे ठरवायचे? तिने तुकडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले आणि जड तुकड्याची कड कातरत कातरत तिन्ही सारखे केले. मी म्हटलं, भरतकामाच्या दोऱ्यालाही वजन असतं, आईला कापड कमी आलं की! जरा विचार करून म्हणाली, "पण फुलं जास्त आली ना!" इतकी वर्षं क्षेत्रफळ शिकवलं, पण कापड काट्यावर घालावं हे मला कधी सुचलं नव्हतं. मला फार आनंद झाला.

त्या भरात बोलून गेलो, "आणि तुझा तुकडा?"

तिने तिन्ही तुकड्यांकडे पाहिलं. सूनबाई दारात श्वास रोखून उभ्या. मला वाटलं, आता ओठ थरथरणार, सगळं मुसळ केरात. आणि पोर खो खो हसत सुटली. "आजोबा, चूक झाली! मी मला मोजलंच नाही!" बंदी असलेला शब्द ती घरभर ओरडत फिरली, आणि कोणी तिला अडवलं नाही. मला चष्मा पुसावा लागला.

चादरीबद्दल मात्र क्षमा कर.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा रागवायचं ते माझ्यावर रागव, तेही दार लावून. तिला फक्त विचार, कसं केलंस, सांग बरं.

आणखी एक ता. क. येताना दुसरी चादर आण. जुनी, विटकी चालेल. भरतकाम कृपा करून नको. तू येणार म्हटल्यावर चिमणीने आपणहून सांगितलं, आता पाच वाटे करायचेत. मोजताना पहिलं बोट तिने स्वतःकडे केलं.