अहवाल क्रमांक चौदा रद्द करण्याबाबत

मृत्युपत्र लिहून ठेवणार : डॉ. स्टेला योहान भिंगारदिवे, वय वर्षे ७४, धर्म ख्रिस्ती, धंदा पेन्शन (हा रकाना वकिलांनी भरला आहे), पूर्वी शालेय मानसशास्त्राच्या प्राध्यापक, राहणार सावेडी, अहिल्यानगर.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसा जे की, माझे गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. हा कागद मी स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही धाकाविना लिहीत आहे. कसलाही अंमल चढलेला नाही. सकाळचा चहा तेवढा झाला आहे.

१. बुद्धी शाबूत असल्याबद्दल

हे कलम वकिलांनी एका ओळीत उरकायला सांगितले होते. पण जिने चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांची बुद्धी मोजली, तिने स्वतःच्या बुद्धीबद्दल एका ओळीत सुटणे बरे दिसत नाही. शिवाय माझा भाचा जस्टिन याने जून महिन्यात, "आत्या, नुसतं बीपी बघून येऊ," असे सांगून मला पुण्याला नेले आणि एका डॉक्टरांपुढे स्मरणशक्तीच्या चाचणीला बसवले. मला तीसपैकी एकोणीस गुण पडले. तो कागद जस्टिनने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला आहे. कशासाठी, ते कलम ३ मध्ये येईल. म्हणून माझी उत्तरे इथे नोंदवून ठेवते.

प्रश्न : तुमचा जिल्हा कोणता? मी विचारले, "जन्मले त्या नावाचा, की मरणार त्या नावाचा?" शून्य.

प्रश्न : शंभरातून सात वजा करत जा. मी म्हणाले, हा प्रश्न मी स्वतः हजार मुलांना विचारला आहे, त्याची उत्तरे मला पाठ आहेत, तेव्हा माझ्या बाबतीत तो ग्राह्य धरता येणार नाही. शून्य.

मग गेंड्याचे चित्र दाखवून हा कोण, असे विचारले. मी म्हणाले, "यांच्या हाताखाली मी नोकरी केली आहे." शून्य.

डॉक्टर तरुण होते, नम्र होते, आणि त्यांच्या कागदावर नसलेले उत्तर त्यांना ऐकूच येत नव्हते. अशी एक बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिच्याबद्दल कलम ५ मध्ये.

२. पूर्वीचे कागद

यापूर्वी मी केलेली दोन मृत्युपत्रे, एक २००९ सालचे आणि एक रागाच्या भरात केलेले, या मृत्युपत्राने रद्द समजावीत. त्याचबरोबर मी १९९० साली लिहिलेला अहवाल क्रमांक चौदाही रद्द समजावा. मृत्युपत्राने अहवाल रद्द होत नाही, असे वकील म्हणतात. ते हुशार आहेत. मी तरीही रद्द करते.

३. घर

सावेडीच्या घराचा मागचा अर्धा भाग, माडीसह, जस्टिनला द्यावा. पुढच्या दोन खोल्या आणि ओसरी पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या मुलांसाठी ठेवाव्यात. दसऱ्यानंतर आईबाप कारखान्याकडे गेले की मुलांनी इथे राहावे, शाळेत जावे, आणि आईबाप परतले की घरी जावे.

आपल्या घरात परक्यांची पोरे ठेवणारी आत्या शुद्धीवर कशी असेल, असा प्रश्न जस्टिनला पडला आणि म्हणून आम्ही पुण्याला गेलो. तो वाईट नाही. नागापूरच्या कारखान्यात तो मालाची तपासणी करतो, आणि मापात न बसणारी वस्तू बाजूला काढायची त्याला सवय लागली आहे. हा आजार आमच्या घराण्यातच आहे. मृत्युपत्राचा अंमल करण्याचे काम मी त्यालाच देते, म्हणजे कुरकुर करत का होईना, ते नीट होईल.

४. वस्तू

माझी वेताची खुर्ची आमच्या माजी प्राचार्यांना पोहोचती करावी. माझ्या बढतीच्या फायलीवर ते सात वर्षे बसून होते. खुर्चीचे बूड गेलेले आहे, ते मुद्दाम दुरुस्त करू नये.

चाचण्यांचे रंगीत ठोकळे पुढच्या खोल्यांतल्या मुलांना खेळायला द्यावेत. कोणीही जवळ घड्याळ घेऊन बसू नये. याच ठोकळ्यांनी अकोले तालुक्यातल्या एका मुलाने, मी सांगितलेला चौकोन न करता, भातखाचराचा बांध रचला होता आणि पाणी कुठून सोडू, असे मला विचारले होते. मी त्यालाही शून्य दिले.

स्टॉपवॉच जस्टिनने माझ्या दफनविधीला खिशात ठेवावे. प्रवचन सुरू होताच दाबावे, आणि बारा मिनिटे झाली की उभे राहून गाणे सुरू करावे. पेटी-तबला असावा. त्यानंतर स्टॉपवॉच भाचेसून सारा हिला अंडी उकडायला द्यावे.

चाचण्यांची पत्र्याची पेटी छगनला द्यायची होती. छगन आमच्या कॉलेजचा शिपाई, तीस वर्षे ती पेटी डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर या जिल्ह्यातल्या शाळा हिंडला. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून ती त्याला कालच दिली. त्याने तिच्यात कांदे ठेवले आहेत.

५. अहवाल क्रमांक चौदा

हे कलम माझ्या मृत्यूनंतर जस्टिनने पाथर्डी तालुक्यातल्या दगडाबाई अजिनाथ गर्जे यांना वाचून दाखवावे. मी तेव्हा नसेन, ही त्यातली सोय आहे.

१९९० साली मी स्थलांतरित मुलांच्या बुद्धीवर प्रबंध लिहीत होते. पाथर्डीकडच्या एका शाळेत माझ्यापुढे नऊ वर्षांची दगडाबाई आली. मी तिला घराचे चित्र दाखवले. चित्रातल्या घराला दार नव्हते. यात काय राहिले आहे, असे विचारले. तिने बराच वेळ बघितले आणि म्हणाली, "काय न्हाई ऱ्हायलं. बराबर हाय." जी मुलगी निम्मे वर्ष उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहते, तिच्या घराला दार कुठले? मी शून्य लिहिले. मग विचारले, वर्षात ऋतू किती? म्हणाली, "दोन. कारखाना चालू आन् कारखाना बंद." पुन्हा शून्य. दाराशी बसलेला छगन म्हणाला, "बाई, पोरीचं बराबर हाय की." मी त्याला बाहेर जाऊन बसायला सांगितले.

अहवालात मी लिहिले ते अक्षरशः असे : ‘कु. दगडाबाई, इयत्ता चौथी. बुद्धिगुणांक ६१. शालेय शिक्षणाचा लाभ होण्याची शक्यता नाही. शेरा : नाव सार्थ.’

शेवटचे दोन शब्द लिहिताना मला हसू आले होते. ते हसू मला आजही आठवते, आणि स्वतःची लाज वाटते. त्या अहवालावरून शाळेने तिला काढले. त्या प्रबंधावर मी डॉक्टर झाले. पुढे चौतीस वर्षांतली निदान वीस वर्षे मी शिक्षकांना सांगत फिरले, की मूल जिथून येते तिथले प्रश्न विचारा. टाळ्या पडत. अहवाल क्रमांक चौदाची गोष्ट मी एकाही व्याख्यानात सांगितली नाही.

तीन वर्षांपूर्वी, टोळ्या परतल्यावर, दगडाबाई माझ्या ओसरीत येऊन बसल्या. आता त्या स्वतः मुकादम आहेत. वीस कोयते, म्हणजे वीस जोडपी, त्यांच्या शब्दावर चालतात. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. लॅमिनेशन केलेला, माझ्या सहीचा, कॉलेजच्या शिक्क्याचा. "माह्या नावाचा छापलेला येवढा येकच कागद," त्या म्हणाल्या. "बापानं सर्टिफिकेट म्हनून पेटीत जपला. मला वाचता येत न्हाई. काय लिव्हलंय तेवढं सांगा."

मी वाचून दाखवले. ‘कु. दगडाबाई हिची निरीक्षणशक्ती उत्तम आहे. शेरा : पुढे शिकवावे.’

त्या म्हणाल्या, "परत वाचा." मी तेच परत वाचले. एकाही शब्दात चुकले नाही, म्हणजे स्मरणशक्तीही चांगली आहे.

"आसं लिव्हलंय व्हय," त्या म्हणाल्या. "मंग मास्तरनं काढलं कशापायी?"

मी चहा टाकायला आत गेले.

तेव्हापासून त्या दर उन्हाळ्यात येतात, बाजरी आणतात, टोळीतल्या मुलांविषयी बोलतात. पुढच्या दोन खोल्यांची कल्पना त्या बोलण्यातूनच निघाली. खरे काय लिहिले होते ते मी अजून सांगितलेले नाही. दगडाबाई, मी तुमच्याशी दोनदा खोटे वागले, एकदा लिहून आणि एकदा वाचून. मला माफ करा.

६. इथपर्यंत सकाळी लिहिले. पुढचे दुपारी.

साक्षीला छगन आणि दगडाबाई आले. पुण्याच्या डॉक्टरांपेक्षा माझी बुद्धी त्यांनी जास्त काळ पाहिली आहे, म्हणून त्यांनाच बोलावले. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवावा लागत नाही, फक्त माझी सही होताना त्यांनी पाहायची, हे वकिलांनी मला दोनदा सांगितले होते, आणि मला ते फार आवडले होते. मी कागद उलटा घालून पेन पुढे केले.

दगडाबाईंनी पेन घेतले नाही. म्हणाल्या, "वाचल्याबिगर सही न्हाई करायची. येक कागद न वाचता जपला, तेवढं बास झालं."

मी म्हणाले, कायद्याने गरज नाही. त्या म्हणाल्या, दसरा झाला की टोळी निघायची आहे, त्यांना वेळ नाही, वाचा.

मी कलम १ पासून वाचले. गेंड्याला छगन हसला. खुर्चीलाही हसला. कलम ५ ला थांबले. पाणी प्यायले आणि अहवालातला मजकूर होता तसा वाचला, दोन शब्दांच्या शेऱ्यासकट. त्यांच्याकडे बघायचे धैर्य झाले नाही.

दगडाबाई म्हणाल्या, "आज बराबर वाचलं."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"माह्या लेकीनं, मोनिकानं वाचून दावलं हुतं. तवा सातवीत हुती. लई रडली ती. म्या म्हनलं, थांब, लिव्हनारी बाई काय वाचती ते बगून येते."

"म्हणजे तुम्ही माझी चाचणी घ्यायला आला होता."

"व्हय. नापास झाल्या तुमी. चा चांगला हुता."

"मग परत परत का आलात?"

"खोटं वाचतानी तुमचं कान लाल झाल्ते," त्या म्हणाल्या. "म्हनलं, ह्या बाईला अजून सुदरायला जागा हाय."

छगन म्हणाला, "बाई, मी तवाच सांगितलं हुतं, पोरीचं बराबर हाय." या वेळी मी त्याला बाहेर पाठवले नाही.

कलम ५ मरणोत्तर वाचण्याची आता गरज नाही. ते खोडावे, असे मी सुचवले. दगडाबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, जस्टिनभाऊंनी पण वाचावं. म्हणून ठेवले आहे.

आता सही करते. वकिलांच्या नमुन्यात साक्षीदारांसाठी शेऱ्याचा रकाना नव्हता. तो मी पट्टीने आखून घेतला. दगडाबाईंना मोनिकाने दोन वर्षांत लिहायला शिकवले आहे. त्या स्वतःच्या हाताने लिहितील, ते कोणीही शुद्ध करू नये.

ठिकाण : सावेडी, अहिल्यानगर
दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

(सही) स्टेला योहान भिंगारदिवे

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार १ : (सही) छगन विठोबा शिंदे, सेवानिवृत्त शिपाई
शेरा : सही पाहिली. पेटी मिळाली.

साक्षीदार २ : (सही) दगडाबाई अजिनाथ गर्जे, मुकादम
शेरा : बाईचं डोकं ठिकानावर हाय. यायला जरा येळ लागला.