दुसरा कप

शेणवा, रविवार, दिवेलागण

आज या खोलीत मोठ्यानं हसले. बदली होऊन इथे आल्यापासून पहिल्यांदाच. कारण काय, तर शहापूरच्या वाचनालयातून आणलेली विनोदी कादंबरी. सगळ्यांनी शाळेत असतानाच वाचलेला हा लेखक मला आत्ता, केस पिकल्यावर भेटावा? त्यातला मामा चुकून भलत्याच लग्नात आहेर करतो आणि शिवाय पंगतीत वाढायलाही उभा राहतो. तिथे तर डोळ्यांतून पाणीच आलं.

तेवढ्यात दाराशी शेजारच्या काकू. हातात चहाचे दोन कप. भिंतीपलीकडून हसणं ऐकून त्यांना वाटलं, माझ्याकडे कुणीतरी आलंय. आणि इथे पाहुण्याला पहिला चहा शेजारचा.

"पावनी आली ना गो? सांगितलंस पन नाय!"

कुणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हटलं?

"आंघोळीला गेलीय," म्हणाले.

"ऱ्हानार हाय ना?"

"राहील चार दिवस."

दोन्ही कप मीच प्यायले. दुसरा पार निवला होता, तरी.

आता पुस्तक चार दिवस पुरवून वाचायला हवं. आणि हसायचं, ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं.