आत्याच्या नेमातले मासे

सोलापूर, श्रावण वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थरूप काकांचे सेवेशी,

बालक यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार. आपली गुडघेदुखी आता कशी आहे? माढ्याकडे पाऊस बरा झाल्याचे ऐकून आनंद वाटला. इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम. फक्त माझी झोप गेली आहे आणि पुढच्या शुक्रवारी बहुधा नोकरीही जाईल.

कारण मासे. (दचकू नये. आपल्या घरात मासे शिजले नाहीत, राहायला आले आहेत.) हिवतापाच्या भीतीने आमच्या कचेरीने घरोघरच्या हौदांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडायचे ठरवले. पहिला हौद कोणाचा, असे साहेबांनी विचारताच मी घाबरून मान खाली घातली. त्यांना ती होकाराची वाटली. दुसऱ्या दिवशी निंगप्पा शिपाई घागर घेऊन परसात हजर. जाताना म्हणाला, "राव, ह्यास्नी खायला घालायचं न्हाय बगा. उपाशी ऱ्हायले तरच आळ्या खात्यात की."

हे आत्याने ऐकले. आपली थोरली बहीण आपण ओळखताच. घरी आलेल्याला उपाशी ठेवायचे, तेही श्रावणात, आणि वर त्याच्याकडून जीवहत्या करवून घ्यायची, हे तिला मुळीच पटेना. तिने त्याच दिवशी नेम धरला की माशांना कणकेच्या गोळ्या घातल्याशिवाय चातुर्मासात स्वतः जेवायचे नाही. आता मासे चांगले गुबगुबीत झाले आहेत. तिच्या बांगड्या वाजल्या की तोंडे उघडून काठाशी गोळा होतात. मी गेलो तर नुसते बघत राहतात. (मला माशांची भीती वाटते असे नाही, पण आमचे साहेबही पापणी न हलवता असेच बघतात.) अळ्या निर्धास्त वाढत आहेत. काल एक अळी एका माशाच्या तोंडासमोरून गेली, तर तो बाजूला सरकला.

आणि शुक्रवारी पुण्याहून मोठे साहेब हा 'नमुन्याचा हौद' बघायला येणार. मी अजून कायम झालेलो नाही. आत्याला हात जोडून सांगितले. ती म्हणाली, "उपाशी माणसाला कुणी कामाला जुंपत नाही, मग मुक्या जिवाला का रे?" शेवटी सोमवारी मी गुपचूप हौदावर फळ्या टाकल्या आणि वर पाटा ठेवला. मासे उपाशी राहिले, म्हणून आत्याही उपाशी राहिली. दिवेलागणीला ती भिंतीला टेकून बसली होती. हात धरला तर गार लागला. काका, खरी भीती मला तेव्हा वाटली. नोकरी, साहेब, सारे विसरलो. पाटा उचलला, स्वतः कणीक भिजवली आणि तिच्याहून मोठ्या गोळ्या केल्या.

सौ. मालतीचा आपणा उभयतांस नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला भेदरलेला,
यज्ञेश्वर

ता. क. मुद्दा राहिलाच. गुडघा फार दुखतो असे कळवून आत्याला आठवडाभर बोलावून घ्यावे. (आहे तोच गुडघा जरा वाढवून लिहावा.) तिच्या नावाने मालती गोळ्या घालील असे मी तिला सांगेन. मालती घालणार नाही. शुक्रवारपर्यंत माशांना भूक लागेल.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आत्याला सहज विचारून पाहिले. गुडघ्याचे ऐकून तिला राहवेना. उद्याच्याच गाडीने निघते आहे. हे पत्र बहुधा तिच्याबरोबरच पोचेल. मात्र नेम दुसऱ्याच्या हातून फेडायचा नसतो म्हणाली. मासे घागरीतून बरोबर आणते आहे. आपला हौद भरून ठेवावा.

आणखी एक. तिने मला बजावले आहे की मासे गेले तरी हौदात ती वळवळणारी एवढी चिमुकली मागे राहतात, त्यांना रोज चिमूटभर पीठ टाकत जा. मी बरे म्हटले. आत्ताच टाकून पाहिले. खातात.