दुकान वाढवा

मुर्री, गोंदिया
१० नोव्हेंबर २०२४

चि. रुचीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणतेस, लिहीत कशाला बसतेस, बोलून पाठव. पण माझे बोलणे तू दीडपट वेगाने ऐकतेस, हे तुझ्या आईनेच मला सांगितले. माझे अक्षर तुला तसे पळवता येणार नाही, म्हणून हा कागद. उत्तरही कागदावरच हवे.

घरी बसून हाताने काही घडवणाऱ्या बायकांसाठी तू जे अ‍ॅप करते आहेस, ते वापरून बघायला आमची शामकला निवडलीस, हे छान केलेस. तिचा नवरा टिकाराम ठेक्याने घेतलेल्या शेतात धान करतो आणि ही त्याच धानाच्या लोंब्यांची तोरणे विणते. लोंब्या ओल्या पोत्यात ठेवायच्या, काडी मऊ झाली की वेणीसारखी गुंफायची. दारावर टांगली की चिमण्या आधी येतात, पाहुणे मागून.

अ‍ॅप तिला आवडले आहे. तोरणांचे फोटो त्यात दिसतात, म्हणून ती अंगणातल्या सगळ्यांना धरून धरून दाखवते. टिकाराम म्हणतो, मोबाईल तिचा झाला आणि मी मोबाईलचा चार्जर झालो.

काळजी एकच आहे. चिचगडच्या चैतरामच्या मुलीचे लग्न या महिन्याच्या शेवटी आहे. पूर्ण मांडवाला तोरण देण्याचा शब्द शामकलाने त्यांना धान कापणीच्या आधीच दिला होता. आता त्याच दिवसासाठी अ‍ॅपने आणखी दोन लग्नांची कामे घेऊन ठेवली आहेत. तिला न विचारता! तिला विचारले तर ती नुसती हसते आणि म्हणते, होऊन जाईन बाई. दोन हातांनी कसे होईल ते तुझ्या अ‍ॅपला विचारून कळव.

जेवण वेळेवर करतेस ना? लोभ आहेच, तो असाच शाईत उतरत राहो.
तुझी
मावशी

पुणे
१७ नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस,
रुचीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी एकपट वेगाने, दोनदा वाचलं. आईला मात्र मी बघून घेणार आहे.

अ‍ॅप न विचारता काम घेतं, हे खरं आहे. दुकान उघडं असेल तर आलेलं काम ते लगेच स्वीकारतं. तसं नसलं की गिऱ्हाईक वाट बघून दुसरीकडे जातं, म्हणून आम्हीच तसं ठेवलं. पण काम पुरे झालं, आता नको, असं वाटलं तर त्यासाठी पहिल्याच पानावर मोठं लाल बटण आहे. त्यावर लिहिलंय ‘दुकान बंद’. ते दाबलं की नवीन कामं येणं थांबतं, पुन्हा दाबलं की सुरू होतं. एवढंच. शामकलाताईंना दिसत नसेल तर तू दाखव. आधी घेतलेली कामं मात्र अ‍ॅप सोडू शकत नाही, त्या दोन घरांना त्यांनी स्वतः नाही म्हणायला हवं.

इथे आमच्या टीममधला हेमेंद्र म्हणतो, की तुझी मावशी आमच्याकडे नोकरीला घे. मी म्हटलं, तिचा पगार परवडणार नाही.

तुझी माया अशीच मिळत राहो.
तुझी
रुची

मुर्री
३० नोव्हेंबर

चि. रुचीस,
मावशीचे आशीर्वाद. वि. वि.

आज मजकूर फारसा गोड नाही. चिचगडला लग्नाच्या दिवशी तोरण निम्मेच पोचले. उरलेला मांडव कागदी पताकांनी भरून काढला. चैतरामची बायको रुख्मा वऱ्हाडासमोरच बोलली, की आधी शामकलाच्या तोंडचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ होती, आता मोबाईल आल्यापासून पाण्यावरची झाली. त्या दोन घरांना तिने नाही म्हटलेच नाही, त्यांचेही काम जेमतेम झाले. शामकला गेले दोन दिवस पोत्याला हात लावत नाही. काल मोबाईल माझ्यापुढे ठेवून म्हणाली, बाई, हे काढून टाका यातून. पैसा मागून येते, शब्द गेला तर कोठून आनू?

तू लिहिलेले लाल बटण मी तिला तेव्हाच दाखवले होते. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी जरा चिडूनच विचारले, की मग काऊन नाही दाबलेस? तर ती माझ्याकडेच रागाने बघत म्हणाली, चालत्या दुकानाले आपल्याच बोटानं बंद कोन म्हनते? तुमच्या घरी असं शिकवलं का?

आणि रुची, मला एकदम आपले गोंदियाचे कापडाचे दुकान आठवले. तुझे आजोबा रोज संध्याकाळी फळ्या लावायच्या वेळी ‘बंद करा’ असे कधी म्हणाले नाहीत. ते म्हणत, चला, दुकान वाढवा. आमचा हिंदी बोलणारा मुनीमही हाक द्यायचा, दुकान बढ़ा दो. कॉन्व्हेंटमध्ये एकदा निबंधात मी ते इंग्रजीत जसेच्या तसे लिहिले होते, की माझे वडील रोज संध्याकाळी दुकान मोठे करतात. सिस्टरने वही परत देताना फार गंभीरपणे विचारले, आता ते केवढे झाले आहे? मला आजही त्यांचा तो पांढरा, खळ घातलेला पदर दिसतो.

कुंकू पुसत नाही, नारळ फोडत नाही, ते वाढवतो. तुम्ही पुण्यातल्या मुलांनी लाल रंगात ‘बंद’ लिहिले आणि शामकलाने ते दाबावे अशी आशा केलीत. दुकानदाराच्या घरातल्या मीच हे आधी ओळखायला नको होते का?

अ‍ॅप मी अजून काढलेले नाही. तिला म्हटले, रुचीच्या उत्तरापर्यंत थांब. ती थांबली आहे, पण माझ्या भिडेखातर. लवकर लिही.
तुझी
मावशी

पुणे
१४ डिसेंबर

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी करून बघितलं आणि मग तोंडावर आपटलो.

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. सगळ्यांना पटलं. त्याच दिवशी बटणाचा लाल रंग काढला आणि ‘दुकान वाढवा’ लिहिलं. मला वाटलं, आजोबा खूश झाले असतील.

मग गोंदियाच्या गुंजनचा फोन आला. ती मेंदी काढते, लग्नाच्या ताटांची सजावट करते, वयाने माझ्याहून लहान. तिने ‘दुकान वाढवा’ वाचलं, तिला वाटलं आता धंदा मोठा होणार, म्हणून आनंदाने दाबलं. आठवडाभर तिला एकही काम आलं नाही. रोज सकाळी उठून ती पुन्हा बघायची, दुकान वाढलं का. शेवटी मला फोन करून हिंदीत म्हणाली, की दीदी, बढ़ाने को बोला था, आपने तो बैठा दिया. मावशी, तुझ्या सिस्टरचा प्रश्न मी वाचला होता, तरी मला तो ऐकू आला नाही.

आता ‘बंद’ चालत नाही आणि ‘वाढवा’ही चालत नाही. तू एक कर. शामकलाताईंना विचारू नकोस. विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखं उत्तर देतो. त्या काम थांबवतात तेव्हा आलेल्या माणसाला काय म्हणतात, तेवढं ऐक. आणि त्यांना सांग, चूक त्यांची नव्हती. चैतरामकाकांना आणि रुख्माकाकूंना मी वेगळं पत्र टाकलंय, की न विचारता कामं घेणारं यंत्र माझं होतं. यापुढे शामकलाताईंच्या होकाराशिवाय अ‍ॅप एकही काम घेणार नाही, तेही बदललंय.

रागावली असलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी
रुची

मुर्री
२२ डिसेंबर

चि. रुचीस,
मावशीचे आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस तिच्या ओट्यावर वाटाणे सोलायच्या निमित्ताने बसले. तुझ्या आईला सांगू नकोस, ते वाटाणेही मी शामकलाचेच सोलले.

तिने पोत्याला पुन्हा हात लावला आहे. घरच्या दारासाठी म्हणून विणते आहे, विकायला नाही. कुडव्याची एक बाई तोरण मागायला आली. शामकलाने मान वर न करता सांगितले, हात भरलेत बाई, पुढल्या खेपेला. ती बाई जरासुद्धा रागावली नाही. हात भरलेले असणे हे आपल्याकडे बाईचे सुखच ना, मग कामाने भरोत की बांगड्यांनी. बघ, हा शब्द गुंजनलाही कळेल.

तुझे पत्र रुख्माला पोचले. तिने ते आल्यागेल्याला वाचून दाखवले, असे ऐकते. तिने शामकलाला मात्र काही कळवलेले नाही. नवा शब्द लिहिलास तरी शामकला पुन्हा काम घेईल का, हे मला सांगता येत नाही. मी तिला आग्रह करणार नाही.
तुझी
मावशी

मुर्री
५ फेब्रुवारी २०२५

चि. रुचीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईच्या साठीसाठी तोरण मागवायचे मी ठरवले, आणि उगाच ओळख न काढता, रीतसर अ‍ॅपवरून मागवले. लगेच निरोप आला: ‘शामकलाताईंचे हात भरले आहेत. पौर्णिमेनंतर यावे.’

मला वाटले, हे बाहेरच्यांसाठी असणार. उठून तिच्याकडे गेले. ओसरीवर एक लांबलचक तोरण ताणून बांधले होते, त्याच्या एका टोकाला टिकाराम काड्या भिजवत बसला होता. ते चिचगडला जायचे आहे. रुख्माच्या जावेच्या घरी लग्न आहे, आणि निरोप रुख्माने स्वतः येऊन दिला. मागच्या वेळचा विषय दोघींनीही काढला नाही. रुख्माने फक्त एवढेच म्हटले, की यंदा पताका नाई आनत आमी.

मी म्हटले, शामकला, माझे तर छोटेसेच आहे, मधल्या वेळात होईल. तिने मला बसवले, चहा दिला, वर शेवही दिली, पण हो म्हणाली नाही. मी पुन्हा म्हटले तेव्हा तिने मोबाईल उचलून माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, बाई, तुमाले नाई म्हनायले मले लाज वाटते, म्हनून तर हा मोबाईल नाई म्हनून राहिला.

चहा संपवून मी घरी आले. तुझ्या आईला सांग, साठी पौर्णिमेनंतर धर.

तुझ्या कामाला यश येवो, आणि मला लिहायला तुझ्या बोटांना वेळ मिळो.
तुझी
मावशी